डीनच्या खुर्चीतून

बडोद्यात एखादा डॉक्टर राजकारणात शिरला की दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "हाताला गुण होता हो, वाया गेला." हळहळ खरी असते. काल ज्याच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी घरातल्या आजीचा खोकला थांबला, तो आज फ्लेक्सवर हात जोडून उभा. डॉक्टरकी आणि मंत्रिपद ही दोन टोकं, एक सोडल्याशिवाय दुसरं हाती लागायचं नाही, असं त्या हळहळीत धरलेलं असतं. मला ते अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर बडोद्याच्याच जुन्या दप्तरात आहे.

डॉ. जीवराज नारायण मेहता. जन्म १८८७ साली अमरेलीचा, आणि अमरेली तेव्हा बडोदे संस्थानाचाच काठेवाडातला प्रांत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टरी, पुढे लंडनला एम.डी. परत आल्यावर बडोदे संस्थानात मुख्य वैद्यकीय अधिकारी, मग मुंबईला केईएम इस्पितळाचे डीन, म्हणजे प्रमुख, बडोद्याचे दिवाण, मुंबई राज्याचे मंत्री आणि १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. मराठी बडोदेकरांना त्यांच्यापेक्षा हंसाबेन जास्त आठवतात, कारण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू त्या. हंसाबेनचे वडील मनुभाई मेहता हेही बडोद्याचे दिवाण. सासरे आणि जावई दोघे एकाच संस्थानाचे दिवाण, आणि त्यातला जावई डॉक्टर!

राजकारणातला त्यांचा पहिला धडा लंडनमधलाच म्हणायला हवा. १९१४ साली दक्षिण आफ्रिकेहून तिथे आलेल्या गांधींना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला, आणि उपचार करणारे होते जीवराज. त्यांनी गांधींना दूध आणि धान्य सुरू करा म्हणून नाना परींनी सांगितलं. रोगी शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षं आणि ऑलिव्ह तेलावर अडून बसलेला. गाऱ्हाणं गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कानापर्यंत गेलं, त्यांनीही आग्रह केला, तरी उपयोग शून्य. निदान बरोबर, सल्ला बरोबर आणि तरी समोरचा ऐकत नाही. वॉर्डात असा प्रसंग क्वचित येतो, विधानसभेत रोज.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. डॉक्टर मंत्री होतो तेव्हा त्याचा स्टेथोस्कोप तिथे फारसा कामाला येत नाही. कामाला येते ती डीनची खुर्ची. ज्याने इस्पितळ चालवलं, त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. ज्याने फक्त रोगी तपासले, मग ते कितीही नामांकित हाताने असोत, तो सचिवालयात पहिल्या वर्षी चाचपडतोच.

परळचं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२५-२६ च्या सुमारास उभं राहिलं. देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती की अध्यापक भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागांवर गोरे बसलेले असताना ही अट म्हणजेच एक राजकीय जाहीरनामा. जीवराज पहिले डीन, आणि १९४२ पर्यंत सुमारे सतरा वर्षं ते त्या खुर्चीत होते. आता डीन दिवसभर करतो काय, ते पाहू. बाहेरच्याला वाटतं मोठ्या शस्त्रक्रिया. प्रत्यक्षात चादरी.

एका खाटेमागे चादर-उशीच्या खोळीचे पाच-सहा जोड लागतात. एक खाटेवर, एक धोब्याकडे, एक वाटेत, एक कपाटात, एक फाटण्याच्या बेतात. पावसाळ्यात कपडे वाळेनात की सहाचे सात होतात. हे जोड कमी पडले तर रोगी हलवता येत नाही, खाट रिकामी असून अडते, आणि बाहेर व्हरांड्यात पुढचा रोगी सतरंजीवर. खालून पाहणाऱ्याला दिसतं 'खाटा कमी आहेत'. डीनला दिसतं 'धुलाई कमी आहे'.

हा हिशोब मांडूनच बघा. शंभर खाटांचं इस्पितळ, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ३६,५०० खाट-दिवस. ऐंशी टक्के खाटा भरलेल्या धरल्या तर २९,२००. रोगी सरासरी पाच दिवस राहत असेल तर वर्षाला ५,८४० माणसं बरी होऊन बाहेर पडतात. तोच मुक्काम चार दिवसांवर आणला तर ७,३००. म्हणजे १,४६० जास्त रोगी, एक वीटही न रचता. आणि तो एक दिवस वाचतो कुठे? शुक्रवारी दाखल झालेल्याचं रक्त सोमवारी तपासलं जातं, तिथे. शस्त्रक्रियेचा वार आठवड्यातून एकच असतो, तिथे. मोठे डॉक्टर राउंडला बाराला येतात, तोवर घरी जायचा कागद कोणी लिहीत नाही, तिथे. रोग्याला घरी सोडायचं हे सकाळी दहाला ठरलं तर संध्याकाळी खाट मिळते. दुपारी दोनला ठरलं तर ती रात्र गेली.

नुसता डॉक्टर या खाटेवरचा रोगी पाहतो. पुढाऱ्याला दिसते नवी इमारत, कोनशिला आणि फीत. मधला तो एक दिवस डीनच्याच नजरेला पडतो. मंत्र्याकडे नेमकी ही नजर असावी लागते, कारण मंत्र्यासमोर रोगी कधी येतच नाही. त्याच्यासमोर येतात ते आकडे, आणि आकडे नेहमी नवी इमारत मागतात.

डीनचं दुसरं शिक्षण पैशाचं. केईएम महापालिकेचं. दरवर्षी अंदाजपत्रक घेऊन पालिकेपुढे जायचं आणि परिचारिकांच्या खोल्यांपासून कापसापर्यंत प्रत्येक ओळीचा जाब द्यायचा. समोर बसलेल्यांना वैद्यक कळत नाही, पण पैसा चांगला कळतो. विधानसभेत अनुदानाच्या मागण्यांवर होणारी चर्चा ही याचीच थोरली बहीण. मार्च संपला की न वापरलेली तरतूद बुडते हेही तिथेच कळतं, म्हणून फेब्रुवारीत उगाच यंत्रं विकत घ्यायची हौस सगळ्या सरकारी खात्यांना असते. यंत्र येतं, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पद मंजूर नसतं, देखभालीचा करार नसतो, कधी विजेचा भारच पुरत नाही. वर्षभर ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ज्याने इस्पितळ चालवलं आहे असा मंत्री फाईल आली की पहिला प्रश्न विचारतो, "चालवणार कोण?" न चालवलेला मंत्री विचारतो, "उद्घाटन कधी?"

तिसरं शिक्षण सगळ्यांत अवघड, ऑनररींचं. त्या काळी मोठ्या इस्पितळांत नामवंत डॉक्टर मानद काम करत. सकाळी इस्पितळ, दुपारनंतर खासगी दवाखाना. पगार घेत नाहीत, म्हणून हुकूम सोडता येत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा दबदबा, स्वतःचे चेले, स्वतःच्या खाटा. त्यांना सांभाळायचं म्हणजे मान द्यायचा, वेळ पाळायला लावायची आणि दोघांचं भांडण तिसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ऑनररी आणि आमदार यांच्यात फार फरक नाही. एकच आहे, पण तो मोठा आहे. त्याकडे शेवटी येतो.

वॉर्डातल्या काही सवयी मात्र सचिवालयात नडतात. वॉर्डात डॉक्टर तोंडी सांगतो, सिस्टर पाच मिनिटांत इंजेक्शन देते, नंतर कागदावर सही होते. सचिवालयात तोंडी हुकूम हा हुकूमच नसतो. फाईलवर टिपणी चढते ती खालून, कक्ष अधिकाऱ्यापासून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी. पैशाचा विषय असेल तर वाटेत वित्त खात्याचं मत. मंत्र्याला ती टिपणी फिरवायची असेल तर कारण लिहून फिरवावी लागते. नवखा डॉक्टर-मंत्री फोनवर "करून टाका" म्हणतो आणि तीन महिन्यांनी कळतं की काहीच झालेलं नाही. शिवाय वॉर्डात चूक संध्याकाळी चार्टवर दिसते, खात्यात ती तीन वर्षांनी लेखापरीक्षणात दिसते. तोवर मंत्री बदललेला. औषध लागू पडलं की नाही हे न कळताच पुढचा डोस लिहायचा, हे डॉक्टरच्या अंगवळणी पडता पडत नाही.

झटपट निर्णयाची सवयही अशीच. पनवेलला जन्मलेले, नागपुरात वैद्यकी करणारे डॉ. नारायण भास्कर खरे १९३७ साली मध्य प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. मंत्रिमंडळात भांडण होतं. जुलै १९३८ मध्ये त्यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नरकडे दिला, सहकाऱ्यांचे मागितले, प्रांताच्या हिंदी भाषिक महाकोशल भागातल्या तिघा मंत्र्यांनी नकार दिला, गव्हर्नरने त्यांना काढलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. सडका भाग कापला, टाके घातले, झालं. पक्षश्रेष्ठींना विचारायचं राहिलं. काही दिवसांत त्यांनाच जावं लागलं. पुढे ते हिंदू महासभेत गेले आणि १९५२ साली ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून आले. खऱ्यांवर अन्याय झाला असं मानणारे मराठी लोक आजही भेटतात, आणि त्यांच्या बाजूने बोलायला जागा आहे. पण शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही घ्यायची असते, हे डॉक्टरने विसरावं याचं नवल वाटतं.

बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय याच्या उलट. १९४८ पासून १९६२ साली मृत्यू येईपर्यंत मुख्यमंत्री, आणि सकाळी रोगी फुकट तपासणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. लोक ते त्याग म्हणून सांगतात. मला ते कामाचं साधन वाटतं. मुख्यमंत्र्याकडे दिवसभर येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागायला येतो आणि गोड बोलतो. रोगी मात्र कुठे दुखतं तेच सांगतो.

बडोद्याच्या मराठी घरांना जीवराज मेहतांचं नाव आठवायला हवं ते दोन तारखांसाठी. ४ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी बडोद्याच्या दिवाणपदाची शपथ घेतली. त्या दोन तारखांतली पहिली १ मे १९४९, त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. जेमतेम आठ महिने. अशा दिवाणाचं काम राज्य चालवण्यापेक्षा ते नीट मिटवण्याचं असतं. खजिन्यात काय आहे आणि काय असायला हवं होतं ते जुळवायचं. पोलीस, शाळा, दवाखाने, वाचनालयं, गायकवाडी रेल्वे, प्रत्येकाला नवा धनी नेमून द्यायचा. संस्थानी नोकरांची श्रेणी प्रांताच्या कोणत्या श्रेणीत बसवायची, ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजायची, पेन्शन कोण देणार. कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणाऱ्या मराठी घरांत त्या वर्षी राजा जाणार यापेक्षा पेन्शनचीच काळजी जास्त असणार, आणि ती रास्त होती. महाराज प्रतापसिंहराव पुढे १९५१ साली गादीवरून दूर केले गेले, तो वेगळाच अध्याय.

दुसरी तारीखही १ मेच, पण १९६० सालची. मधल्या काळात जीवराज मुंबई राज्यात बांधकाम, उद्योग, दारूबंदी अशी खाती सांभाळून यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. मराठी-गुजराती असं हे द्वैभाषिक राज्य मोडायचं ठरलं तेव्हा नव्या गुजरातची तूट भरून काढायला आणि नवी राजधानी बांधायला महाराष्ट्राने काही वर्षं पैसे द्यायचे ठरले. म्हणजे ज्या माणसाने एकत्र घराची वही लिहिली, त्यालाच वेगळ्या चुलीचा संसार थाटायचा होता. साबरमती आश्रमात गांधीवादी रविशंकर महाराजांच्या हस्ते राज्याचं उद्घाटन झालं. बडोद्याचे मराठी अकरा वर्षांपूर्वी एका १ मेला मुंबईकडे गेले होते, ते या १ मेला गुजरातेत आले, आणि दोन्ही वेळा दप्तर याच डॉक्टरच्या हाती होतं. घर न बदलता दोनदा राज्य बदललेली माणसं ही!

तीन वर्षांच्या कारकिर्दीत बडोद्याच्या पदरात बरंच पडलं. १९६२ साली खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६३ च्या मे महिन्यात कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी नेहरूंनी केली. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो १९६१ चा पंचायत कायदा, जो १ एप्रिल १९६३ पासून अमलात आला. त्यामुळे गावचा प्राथमिक दवाखाना जिल्हा पंचायतीच्या हाताखाली गेला. सपाटीच्या भागात तीस हजार वस्तीला आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक आरोग्य केंद्र, त्याखाली पाच हजारांना किंवा तीन हजारांना एक उपकेंद्र, हे आजचं प्रमाण नंतरचं. पण ते उघडं आहे की नाही हे पाहणारा जवळचा कोणीतरी असावा, हा विचार तेव्हाचा. जवळच्याचा तोटाही असतो. नर्सची बदली कुठे व्हावी याबद्दल तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याला मत असतं.

केंद्र उघडं आहे एवढ्याने भागत नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. फ्रीज चालू दिसतो, पण रात्री वीज गेली होती का हे तापमानाची नोंदवही सांगते. आणि त्या वहीत महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच आकडा एकाच पेनाने लिहिलेला असला तर ती वही शेवटच्या दिवशी भरलेली असते. असला मंत्री हवा, जो दवाखान्यात गेल्यावर हारापेक्षा ही वही आधी मागेल. दिल्लीचे आरोग्यमंत्री असताना कान-नाक-घशाचे डॉक्टर हर्षवर्धन यांनी २ ऑक्टोबर १९९४ ला पोलिओच्या थेंबांचा एकदिवसीय कार्यक्रम घेतला, तो याच जातीचा. एका मुलाला वाचवायचा विचार त्यात नव्हता. सगळ्या मुलांना एकाच दिवशी डोस दिला तर रानटी विषाणूला राहायला आतडंच उरत नाही, असा तो हिशोब. दोन थेंब द्यायला डॉक्टर लागत नाही, म्हणून कामाला माणसं कुठूनही मिळाली. पुढच्या वर्षापासून मोहीम देशभर गेली. रानटी, म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या, विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला.

जाता जाता दारूबंदीचं. १९४९ चा कायदा गुजरातेत अजून चालू आहे आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळू शकतो. त्यासाठी डॉक्टरचा दाखला आणि सरकारी इस्पितळातल्या वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. हे खातं एके काळी एका एम.डी. डॉक्टरकडे होतं, आणि आज दारूच्या रांगेत निद्रानाश आणि मनाचा ताण ही निदानं किती वाढली आहेत हे पाहून त्यांनी काय नोंद केली असती, असं वाटून जातं.

आज ज्या डॉक्टरला या वाटेने जायचं आहे त्याची पायरी ठरलेली आहे. गल्लीतला दवाखाना, नगरसेवक, मग आमदारकीचं तिकीट. शल्यविशारदापेक्षा गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनरला मतं जास्त पडतात, कारण शल्यविशारद माणसाला एकदा भेटतो आणि हा दर पावसाळ्यात. सरकारी नोकरीतला डॉक्टर असेल तर लाभाच्या पदाचं कलम आडवं येतं, म्हणजे सरकारी पगार घेत असताना उमेदवार होता येत नाही. राजीनामा नुसता देऊन चालत नाही, अर्जाच्या छाननीपूर्वी तो मंजूर झालेला असावा लागतो, आणि सरकारी सेवेच्या बॉण्डची बाकी निघाली की मंजुरी अडते. बहुतेकांचं इथेच फसतं, ते दोन महिने आधी कागद हलवत नाहीत. अनामत दहा हजार, एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर जप्त. अर्ज भरल्यानंतर घेतलेलं मोफत तपासणी शिबिर खर्चात धरलं जातं आणि वाटलेली औषधं लाच ठरू शकतात, म्हणून शहाणा उमेदवार स्वतःच्या दवाखान्याला त्या दिवसांत कुलूप घालतो. निवडून आल्यावरही मंत्रिपदाची खात्री नाही. मंत्री पंधरा टक्क्यांहून जास्त नकोत, म्हणजे १८२ च्या सभागृहात सत्तावीस, आणि त्यात जात, जिल्हा, गट हे सगळं बसल्यावर 'डॉक्टर आहे' ही पात्रता शेवटी मोजतात. मोजली तर पुष्कळदा खातं भलतंच मिळतं. जीवराजांनाही अर्थ आणि बांधकाम मिळालं, आणि मला वाटतं ते बरंच झालं. स्वतःच्या पेशाचं खातं मिळालेल्या मंत्र्याकडे सकाळपासून जुने सहाध्यायी बदलीसाठी बसलेले असतात.

आता ऑनररी आणि आमदार यांच्यातला तो फरक. ऑनररी रुसला तर इस्पितळ सोडून जातो. तो डीनला काढू शकत नाही. आमदार कुठेही जात नाही, तो मुख्यमंत्र्याला घालवतो. १९६२ च्या निवडणुकीत बहुमत मिळालेलं असूनही पक्षातल्या विरोधी गटाने जोर धरला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये जीवराजांना पायउतार व्हावं लागलं. खाटा, चादरी, तुटी यांचा हिशोब ज्याला पाठ होता, त्याचा स्वतःच्या बाकांवरची डोकी मोजण्याचा हिशोब चुकला. त्यानंतर ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. ज्या लंडनमध्ये एका हट्टी रोग्याने दूध नाकारलं होतं तिथेच. १९७१ साली, ऐंशी उलटल्यावर, अमरेलीतून लोकसभेवर गेले. १९७८ मध्ये वारले.

गांधीनगरचं जुनं सचिवालय आता डॉ. जीवराज मेहता भवन म्हणून ओळखलं जातं, आणि राज्याच्या आरोग्य आयुक्तालयाचा पत्ता तोच आहे. आजही एखाद्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला बडोद्याहून दाहोदकडे बदलीचा हुकूम आला की त्या कागदाच्या डोक्यावर ते नाव असतं. तो ते वाचत नाही. त्याची नजर आधी खाली जाते, रुजू व्हायची तारीख काय आहे ते बघायला.